दाजींचा खांब आणि माझा खांब

हिंगोली जिल्ह्यात जमिनीत रोवलेला असा एकही खांब नसेल, जो आमच्या दाजींनी हालवून पाहिला नाही. मी एसटीत कंडक्टर होतो, उभी हयात त्यात गेली, आणि कितीही गर्दी असो, तिकीट काढल्यावाचून मी माणूस सोडला नाही असा माझा लौकिक. पण दाजींच्या खांब हालवण्यापुढं माझी नोकरी म्हणजे पोरखेळ. वसमतला स्टँडवर उतरले की आधी फलाटाचा खांब. हिंगोलीच्या मोंढ्यात हळद घेऊन गेले की भाव विचारायच्या आधी शेडचा खांब. लग्नाला गेले की मंडपाचा. दोन्ही हातांनी खांब धरायचा, छातीशी घ्यायचा, एकदा आपल्याकडं ओढायचा, एकदा पलीकडं लोटायचा आणि मग डोळे मिटून, डॉक्टर नाडी पाहतो तसं, थोडा वेळ गप्प राहायचं. माझ्या पुतणीच्या लग्नात तर अक्षता पडायच्या ऐन वक्ताला यांनी मंडपाचा कोपऱ्यातला बांबू असा काही हालवला, की वरची सगळी झालर नवरदेवाच्या मामाच्या फेट्यावर येऊन बसली. आरडाओरडा झाला. मामा तर हातघाईवरच आला होता. दाजी आपले शांत. "मी पाडला न्हाई," म्हणाले, "त्यो पडणारच व्हता. मी फक्त विचारलं त्याला."

दाजी म्हणजे आमच्या भावकीतल्या एका बहिणीचे यजमान. तिच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून लग्नानंतर ते आमच्याच गावाला, सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडं, घरजावई म्हणून आले आणि आल्या दिवसापासून अख्ख्या गावाचे दाजी झाले. शाळेतली पोरं त्यांना दाजी म्हणायची, म्हाताऱ्या दाजी म्हणायच्या, शेवटी शेवटी तर त्यांचा सासराही दाजीच म्हणायला लागला. खरं नाव काढायचं तर गावाला त्यांचं रेशनकार्ड मागावं लागलं असतं. जावयाचा मान गावानं त्यांना भरपूर दिला. लग्नात टॉवेल-टोपी पहिली त्यांना, पंगतीत पाट पहिला त्यांना. पण चार माणसं बसून गावचा काही विचार करायला लागली आणि दाजींनी तोंड उघडलं की कुणीतरी हटकून म्हणायचं, "दाजी, तुमी पाव्हणे. तुमी कशाला तकलीफ घेता?" हे ऐकता ऐकता माणूस म्हातारा झाला. एकदा मला म्हणाले, "कंडक्टर, तुमी समदे इथं उगवलेले. मी रोवलेला हाय. रोवलेल्यानं हालून चालत न्हाई." मी मोठ्यानं हसलो. मला वाटलं, नेहमीसारखं खांबाचंच बोलून राहिलेत.

खांब रोवण्याची त्यांची तऱ्हा मात्र ऐकण्यासारखी होती. आमच्याकडची जमीन काळी आणि भारी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की चप्पल आत गेली तर गेलीच, आणि पावसाळ्यात तीच जमीन आंबलेल्या पिठासारखी फुगून वर येते. अशा जमिनीत कुंपणाचे पोल रोवले की दोन पावसाळ्यांत ते एकमेकांच्या कानात बोलायला लागतात. लोक म्हणायचे, सिमेंट कमी पडलं. दाजी म्हणायचे, "सिमेंट काय करील? खाली माती नाचून राहिली." ते मुरूम लागेस्तोवर खड्डा खणायचे. खड्ड्याचं तोंड बारीक, पोट मोठं, घागरीसारखं. निघालेली काळी माती परत आत जाऊ द्यायची नाही. चुकून एखादं ढेकूळ पडलंच तर पालथं झोपून, खांद्यापर्यंत हात घालून काढायचे. मग माळावरून आणलेला मुरूम वीतभर टाकायचा, पाणी शिंपडायचं, सब्बलीच्या, म्हणजे पहारीच्या, बुडानं ठोकायचा, पुन्हा वीतभर टाकायचा. फाटकाचा खांब असेल तर फाटकाच्या वजनानं तो ज्या अंगाला कलणार त्या अंगाला वर एक चपटा दगड, आणि उलट्या अंगाला तळाशी दुसरा. इथपर्यंत सगळं समजण्यासारखं होतं. पण नंतर जे सुरू व्हायचं त्याला काय म्हणावं! खांब उभा राहिला की त्याच्या मालकानं त्याला पाठ टेकून जमिनीवर बसायचं, आणि चहा उकळून, पिऊन होईस्तोवर उठायचं नाही. "खांबाला मानसाची पाठ लागली पायजे," दाजी बजावायचे. "नुसती माती कोन्हाला धरून ठेवत न्हाई." इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेले बागायतदार मी भर उन्हात खांबाला टेकून घाम पुसताना पाहिलेत. आमच्या सरपंचबाई तर डोक्यावर पदर घेऊन, कानाला मोबाईल लावून, पंचायतीच्या फाटकाला टेकून बसल्या होत्या, आणि पलीकडच्या साहेबाला सांगत होत्या, "साहेब, मी जरा खांबाला हाय, मंग बोलते."

दाजींचं चुकायचं नाही असं मात्र समजू नका. चुकायचं, आणि चुकलं की ते कायमचं चुकायचं, कारण ती चूक मुरमात ठोकलेली असायची. टेप त्यांनी जन्मात वापरला नाही. फाटकाचं माप त्यांच्या डोक्यात एकच, बैलगाडीचं, आणि तेही दोन हात फाकवून मोजलेलं. शेजारच्या गावातल्या एकानं नवा ट्रॅक्टर घेतला, त्या आनंदात दाजींना बोलावून शेताला फाटक करून घेतलं. खांब असे रोवले की बघत राहावं. पाठ टेकून झाली, चहा झाला, आणि मग लक्षात आलं की ट्रॅक्टर जातो, ट्रॉली जात नाही. मालक दाजींवर धावून गेला. दाजी म्हणाले, "बैलगाडी बराबर जाते का न्हाई? मंग!" शेवटी एक खांब काढायला जेसीबी आणला. जेसीबीनं भोवतालची माती काढली, मुरूम खरवडला, खांबाला साखळी लावून ओढलं; साखळी तुटली, खांब तसाच. मालकानं कपाळावर हात मारला आणि बाजूच्या दोन पोलांमधली तार काढून ट्रॉलीला नवी वाट केली. ते फाटक अजून तिथं कुलूप लावून उभं आहे, आणि अख्खं जग त्याच्या बाजूनं येतं-जातं. बसमधून तिथून जाताना दाजी शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसून दाखवायचे, "त्यो बघा. जेसीबी हारला त्यो खांब."

आता माझं सांगतो. मी रिटायर झालो आणि गावाला आलो. आमची मंडळी पुण्याला लेकीकडं गेली, नातू सांभाळायला, दोन महिन्यांसाठी. तो नातू आता शाळेत जातो. दाजींची बायको, म्हणजे आमची बहीण, वारली होती; पोरगं पुण्यालाच कुठल्याशा कंपनीत. दाजींनी गावातलं घर बंद केलं आणि आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या दोन खोल्यांत, राहायला गेले. माझं वावर त्यांच्या वावराला लागून, मधे फक्त धुरा, म्हणजे बांध. रोज संध्याकाळी मी तो धुरा ओलांडायचा, त्यांच्या आखाड्यावर जायचं, दोघांनी चहा प्यायचा, आणि सरकारपासून सोयाबीनपर्यंत सगळ्यांना नावं ठेवायची. घरी जाऊन बोलायला होतं कोण? टीव्ही तेवढा बोलायचा, आणि तोही माझं काही ऐकायचा नाही.

पण रानडुकरं माजली. रात्रीतून यायची आणि हळदीचे गड्डे उकरून वाफेच्या वाफे उलथे करायची. डुकरं गेली की रोही, म्हणजे नीलगाई, यायचे. सगळीकडून तार लागली होती, उघडी बाजू राहिली होती ती फक्त दाजींच्या धुऱ्याची. मी म्हटलं, दाजी, एवढी एक लाइन रोवून द्या. दाजी म्हणाले, जमीन लई वली हाय. मग म्हणाले, लई वाळली. मग मुरूम कच्चा निघाला, मग अमावस्या आली, मग त्यांची कंबर धरली. आणि हाच माणूस तिकडं तीन गावं पलीकडं जाऊन लोकांच्या डाळिंबाला खांब रोवत होता! दोन हंगाम माझी हळद डुकरांनी खाल्ली. शेवटी माझं डोकं फिरलं. टेम्पोभर सिमेंटचे पोल आणून धुऱ्यावर टाकले आणि तावातावानं आखाड्यावर गेलो.

"दाजी, अख्ख्या तालुक्याचे खांब तुमी रोवले. माझेच काहून न्हाईत? येत्या सोमवारी मी बाहेरचे गडी लावतो, ते रोवतील वाकडेतिकडे!"

दाजी चहा गाळत होते. गाळणी धरलेली तशीच ठेवून म्हणाले, "डुकरं थांबतील, कंडक्टर. तुमीबी थांबसाल."

"म्हंजे?"

"तार लागली की तुमाला सडकेनं फिरून यावं लागल. पयल्या दिवशी येसाल. दुसऱ्या दिवशी येसाल. मंग गुडघा दुखल. मंग म्हणसाल, दाजी, फोन करतो." ते माझ्याकडं बघत नव्हते. "ती गेल्यापासून माझ्याकडं चहाला कोनी येत न्हाई. तुमीच येता."

मला इतका राग आला, की काय सांगू! दोन हंगामांची हळद गेली आणि या माणसानं तोंडातून शब्द काढला नाही. "अहो, मग धुऱ्यात फाटक ठेवा की!" मी ओरडलो. "साऱ्या जगाला फाटकं करून दिली, एवढं सुचू नये?"

दाजी बघतच राहिले. सुचणार तरी कसं? आमच्याकडं धुऱ्यात कुणी फाटक ठेवत नाही. दोन मालकांमधे तार म्हणजे सलग तार. फट ठेवली की वाट पडते, वाट पडली की पुढची पिढी हक्क सांगते, आणि मग तहसील, कोर्ट, डोकी फुटणं. सख्खे भाऊसुद्धा ठेवत नाहीत. दाजी हळूच म्हणाले, "उद्या तुमची पोरं वाट मागतील. न्हाई तं माझं पोरगं मागल."

"माझी पोरगी पुण्याला, तुमचं पोरगं पुण्याला," मी म्हटलं. "इथं वाट मागायला येतंय कोन?"

आम्ही दोघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सब्बल वाजायला लागली. कंबर कुठं गेली, अमावस्या कुठं गेली, देव जाणे. अख्खी लाइन सुतात आणली आणि मधोमध फाटकाची जागा धरली. माप कसं घ्यायचं? मला शेजारी उभं केलं, खांद्याशेजारी खांदा, आणि दोन्ही अंगांना सब्बलीनं रेघ मारली. "दोन मानसं बराबरीनं गेली पायजेत," म्हणाले, "मागंपुढं न्हाई." मी म्हटलं, यातून बैलगाडी जाणार नाही. "आपल्याला कुठं बैलगाडी न्यायची हाय?" खांब उभे राहिले तेव्हा मी मुकाट्यानं एका खांबाला पाठ टेकली. आणि दाजी, ज्यांनी जन्मभर लोकांना बसवलं आणि स्वतः कधी कुठल्या खांबाला टेकले नाहीत, ते फडक्यानं हात पुसून दुसऱ्या खांबाला टेकले. "ह्यो माझा," म्हणाले.

त्यानंतर चहा आखाड्यावरून फाटकात आला. रोज संध्याकाळी दोन खांब, दोन म्हातारे, तोंडं धरणाकडं. दाजी डोक्याला खोबऱ्याचं तेल चोपडायचे. त्यांच्या खांबावर डोक्याच्या उंचीला तेलाचा एक गोल काळा डाग पडला. माझ्या डोक्यावर तेल लावण्याजोगं काही उरलेलं नसल्यानं माझा खांब कोराच राहिला. त्यावरून ते मला रोज बोलायचे, की बघा, तुमच्या खांबाला अजून मालक माहीत न्हाई.

औंदा उन्हाळ्यात दाजींना वावरात चक्कर आली. मीच धरून आणलं. पोरगं आलं, चांगलं आहे पोरगं, हातापाया पडलं, म्हणालं, बाबा, आता इथं एकटे राहायचं नाही. वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दुसऱ्याला कसायला दिलं, आखाड्याला कुलूप लागलं. गाडी सडकेवर उभी होती आणि दाजी फाटकात. आपला खांब दोन्ही हातांनी धरला, छातीशी घेतला, ओढला, लोटला, डोळे मिटले. पोरगं हॉर्न वाजवत होतं. दाजी मला 'येतो' म्हणाले नाहीत. "हालत न्हाई," एवढंच म्हणाले आणि गेले.

आता चहाच्या वक्ताला त्यांचा फोन येतो. गॅलरीचे गज त्यांनी हालवून पाहिले, सगळे ढिले आहेत म्हणे. सोसायटीच्या फाटकाला पाठ टेकून बसले तर वॉचमन उठवतो. "म्हणतो, बाबा, इथं बसायचं नसतं. मंग कुठं बसायचं असतं, कंडक्टर?" मग विचारतात, "माझा खांब?" मी म्हणतो, हालत न्हाई दाजी. "हालवून सांगा." मी फोन खिशात घालून खांब हालवतो, आणि हालत नाही म्हणून पुन्हा सांगतो. मागच्या आठवड्यात म्हणाले, "कधीमधी त्यालाबी पाठ टेकत जा. त्याला वाटल, काहून सोडलं."

म्हणून अर्धा चहा मी माझ्या खांबाला टेकून पितो आणि मग उठून अर्धा त्यांच्या खांबाला. बटईवाला लांबून बघतो आणि बहुतेक मला वेडा समजतो, समजू दे. चहा झाला की मी फाटक लावून घरी येतो. यंदाच्या पावसानं खांबावरचा तेलाचा डाग बराच पुसून नेलाय. ते तेवढं मी दाजींना सांगितलेलं नाही.