गुडघ्याचं कुणी विचारलं नाही

आमचे भावोजी माणसाचं तोंड बघायच्या आधी पाय बघायचे. अठ्ठ्याण्णव साली मला बघायला आले तेव्हा बाकीचे नाव विचारतायत, स्वयंपाकाचं विचारतायत, आणि हे धाकटे दीर खाली मान घालून बसलेले, मला वाटलं लाजाळू आहेत. निघताना भावाला म्हणाले, "दादा, चालेल. डावा पाय मजबूत आहे." मी आतून ऐकलं आणि घाबरलेच, म्हटलं हे कसलं घर.

फुटबॉलचं मला काय कळणार, मी सातवीपर्यंत शिकलेली. आमची सगळी वाडी क्रिकेटवाली. भावोजी एकटे भात कापून झालं की मोकळ्या मळ्यात अनवाणी बॉल मारायचे. मामाकडे मुंबईला गेले तर तिथे एका कंपनीच्या टीमने घेतलं. सुट्टीवर आले की चुलीपुढे बसून मला समजवायचे. "वैनी, पूर्वी कंपन्या खेळ बघून नोकरी द्यायच्या. सकाळी बॉल, दुपारी ऑफिसात टेबल, म्हातारपणी पेन्शन. आता अख्ख्या देशाची एक लीग झालीय, कलकत्ता, गोवा, केरळ, सगळ्यांशी खेळायचं. ऑफिसला वेळ कुठला, म्हणून टेबल बंद, नुसता वर्षाच्या कराराचा कागद. पण टीम लीगमधे टिकली तर परमनंट करतो म्हणालेत साहेब."

कलकत्त्याला टीम हरली की माणसं जेवत नाहीत, असं पण सांगायचे. मी म्हटलं, "आणि आपल्या वाडीत?"

"मी हरलो तर आई जेवणार नाही. तेवढं पब्लिक पुरे."

चिमी माझ्या पोटात होती त्या वर्षी त्यांची टीम तळाला गेली. एक मॅच उरलेली, ती हरली की लीगच्या बाहेर, आणि बाहेर गेली की कंपनी टीमच बंद करणार, हे सगळ्यांना माहीत. त्यातच भावोजींचा डावा गुडघा सुजला. दुकानातल्या फोनवर मला बोलावून घेतलं. "वैनी, दादाला सांगू नका, पाय टेकवत नाही." मी रडायलाच लागले, म्हटलं घरी या. म्हणाले, "आता आलो तर कायमचाच आलो."

मला राहवेना, मी सासूबाईंना सांगितलं. आई तशाच देवळात गेल्या, गुरवाला म्हणाल्या कौल लाव. आमच्याकडे देवीच्या अंगाला फुलं चिकटवून विचारतात, उजवं पडलं की होकार. आईंनी विचारलं, पोरगा परमनंट होईल का. उजवं पडलं. दुकानात परत फोन आला तो आईंनीच घेतला, सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "खेळ रे बाबा, देवीने उजवा दिलान."

इंजेक्शन घेऊन खेळले. मॅच हरली. त्या दिवशी आई जेवल्या नाहीत.

टीम बंद झाली. ज्यांना टेबल होतं ते टेबलावर गेले, कागदवाले घरी. हातखंब्याला भावोजी एसटीतून उतरले तेव्हा मीच आधी त्यांचे पाय बघितले. डावा ओढत होते.

आई अजून देवीला बोल लावत नाहीत. "मी गुडघ्याचं विचारलंच नाय गो," एवढंच म्हणतात.

मग चिमी झाली. मी तिला तेल लावायला घेतलं की भावोजी दाराशी बसणार, "गुडघा वरून दाबू नका वैनी, वाटीच्या बाजूने गोल." दुसरं काही शिकवायचे नाहीत. वाडीतली पोरं बॉल घेऊन आली तर म्हणायचे, "क्रिकेट खेळा रे, नुसतं उभं तरी राहायला मिळतं."

आंब्याच्या पेट्या उचलवेनात, म्हणून मच्छीच्या बोटीवर जेवण रांधायला गेले. मी म्हटलं, हलत्या बोटीवर उभे कसे राहाल? "लीगमधून खाली गेलो, वैनी. आता आणखी खाली कुठे जाणार?" बंदरात एका बोटीतून दुसरीत पाय टाकताना तोच गुडघा वळला आणि ते दोन बोटींच्या मधे पडले. खलाशांनी वर काढलं, पण श्वास नव्हता.

आता ती लीगसुद्धा बंद केली म्हणे, नव्या नावाने दुसरी काढणार. चिमीच्या बाबांनी पेपरातून वाचून दाखवलं. आई तांदूळ निवडत बसलेल्या, मान वर केली नाही. तेवढ्यात चिमीने दारापुढच्या खळ्यात पडलेल्या कोवळ्या नारळाला लाथ मारली, डाव्या पायाने, पार दगडी गडग्यापर्यंत गेला, आणि माझ्याकडे बघून हसली.

आईंनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "अगो, तेल आण."

मी आणलं. वाटीच्या बाजूने, गोल.