तबकडीवर नसलेली हाक

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या निमगाव केतकीत पिंपळावरच्या मुंजाला नारळ न देणारा मी एकटाच होतो, आणि त्यापायी आईच्या पुष्कळ शिव्या खाल्ल्यात. पण माझा धाकटा भाऊ शिवा आज सत्तरीला टेकलाय, नातवंडं खेळवतोय... तो एका हाकेमुळे. ती हाक कुणी दिली, हे मला अजून माहीत नाही. तुमच्या सदरात लोकांचे अनुभव वाचतो, म्हटलं आपलाही पाठवावा. लिहूनच सांगावा लागणार, कारण मला बोलता येत नाही. का, ते पुढं येईलच.

साल पस्तीस-छत्तीस असावं. आमचा एक एकर पानमळा होता. कालव्याचं पाणी आमच्या उंचावरच्या रानाला चढत नव्हतं, त्यामुळे सगळी भिस्त विहिरीवरच्या मोटेवर. हल्लीच्या पोरांनी मोट पाहिलेली नसते म्हणून सांगतो — बैल उतारावरून पुढं चालले की कातड्याची मोट भरून वर येते. मग त्यांना त्याच उतारावरून पाठमोरं, मागं मागं, विहिरीच्या काठापर्यंत आणायचं, की मोट पुन्हा पाण्यात. पाठमोरं चालायला जनावराला भरवसा लागतो. तो आम्ही गाण्यातनं द्यायचो. माझे राजा आणि हौशा वासरं असल्यापासून माझ्याच गाण्यावर तयार झालेले. दुसऱ्या कुणी हाक दिली तर कानसुद्धा हलवायचे नाहीत.

याची मला केवढी घमेंड! "आपली जनावरं दुसऱ्याचं ऐकत न्हाईत," असं मी गावभर मिरवायचो. त्यात केवढा मूर्खपणा होता ते पुढं कळलं.

त्या वर्षी बारामतीत एका कापडवाल्या शेठच्या माडीवर पुण्याहून तबकडीत गाणी भरून घेणारी मंडळी उतरली होती. शेठची आणि आमची पानांमुळे ओळख. त्यांनी मला मोटेवरचं गाणं म्हणायला नेलं. मशीनसमोर उभा राहिलो आणि तोंडातनं शब्द फुटेना! बैल नाहीत तर गाऊ कुणासाठी? मशीनवाले साहेब वैतागले. शेवटी त्यांच्या मदतनिसाला म्हटलं, "बाबा, तू जरा बैल हो." तो बिचारा धोतर सावरत पुढं जाई, मग माझ्या "मागं रं, मागं" वर पाठमोरा येई. भिंतीला पाठ लागली की आपोआप थांबे. म्हणून त्या गाण्यात "मागं रं" पुष्कळदा आहे, पण बैल थांबवायची "हो ऽ" ही हाक एकदाही नाही. भिंत असताना थांब कशाला म्हणायचं? ही गोष्ट ध्यानात ठेवा.

चार महिन्यांनी तबकडी आली. शेठनं चावी दिली, सुई ठेवली... आणि आतून कुणीतरी पातळ, नाकात गाणारा माणूस सुरू झाला. मी म्हटलं, "शेठ, ही तबकडी बदलली. हा मी न्हवं." माडीवरची सगळी माणसं हसायला लागली. घरी बायकोला, यमुनेला, सांगितलं तर ती म्हणाली, "एकदा मला ऐकवा, मग सांगते." ऐकवल्यावर म्हणाली, "अवो, तुमीच की! आमी तर रोज ह्योच ऐकतो." शिवाही तेच म्हणाला. मला मात्र तो माणूस अजिबात आवडला नाही. माझा आवाज कसा भरीव, छातीतला!

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला घशात गाठ झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट विचारलं, जीव हवा की आवाज. जीव वाचला. तोंड उघडलं की नुसता वारा यायचा.

मी पुण्याला होतो तोवर शेजाऱ्यानं आपले बैल लावून पाणी दिलं. आणि मग माझी घमेंड माझ्याच गळ्यात आली. शिवा गायला, ओरडला, पाया पडला... राजा-हौशा पाठमोरं एक पाऊल टाकीनात. पानमळ्याला चार दिवस पाणी चुकलं तर वेल माना टाकतात. सहाव्या दिवशी यमुना शेठकडे गेली आणि तबकडी नि ती वाजवायचं मशीन मागून आणलं! लिंबाखाली पाट मांडून सुई ठेवली. तो नाकातला माणूस "मागं रं" म्हणाला, आणि माझे बैल गपगुमान मागं यायला लागले. सगळं गाव बघायला आलं. मी मात्र कासरा धरून उभा, काठावर आले की ओढून थांबवायला. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. ज्याला मी पहिल्याच दिवशी झिडकारलं होतं, त्याला जनावरांनी बरोबर ओळखलं होतं.

असे पंधरा-वीस दिवस गेले. एका सकाळी मोट विहिरीत कपारीला अडकली. बैल उतारावर खाली उभे होते. शिवा मोट सोडवायला आत उतरला. यमुना मशीनकडे तोंड करून चावी देत होती, तिला ते दिसलं नाही. तिनं रोजच्यासारखी सुई ठेवली.

"मागं रं, मागं..."

बैल निघाले. मी कासरा ओढला, तो जुनाट, तटकन् तुटला. मी त्यांच्या मागं आडवा धावलो, पाठीवर थापा मारल्या, पण पाठमोऱ्या बैलानं "हो" ऐकल्याशिवाय थांबायचं नसतं, हे मीच शिकवलेलं. काठापासून चार हात राहिले. खाली माझा शिवा. मी सगळा जीव एकवटून तोंड उघडलं. वारा! नुसता वारा! यमुनेनं बघितलं, किंचाळली, सुई उचलून हातात घेतली. गाणं बंद. बैल येतच होते.

तेवढ्यात हाक आली.

"हो ऽऽ राजा! हो!"

दोन्ही बैल जागच्या जागी खिळले. हौशाचा मागचा एक खूर काठाबाहेर होता. दोन दगड सुटून पाण्यात पडले, ते शिवाच्या खांद्याजवळनं गेले. मग आतनं त्याचा आवाज आला, आनंदानं भरलेला —

"दादा! आवाज फुटला की तुमचा!"

मी नाही म्हणून मान हलवली, पण ते त्याला दिसत थोडंच होतं. तो वर आला तेव्हा मी त्याला मिठीत घेऊन लहान पोरासारखा रडलो. आवाज न करता.

आता ऐका. यमुनेचा एक हात भोंग्यावर होता. ती शपथेवर सांगते, हाक भोंग्यातनं आली, हाताला झिणझिण्या आल्या. सुई तिच्या दुसऱ्या हातात. आणि मी? मला ती हाक त्या नाकातल्या आवाजात ऐकूच आली नाही. ती माझ्या ओळखीच्या आवाजात होती... भरीव, छातीतला, जो फक्त मलाच माहीत होता.

पुढं इंदापूरच्या शाळेतल्या एका विज्ञानाच्या मास्तरांनी समजावलं. आपला आवाज आपल्याला कानाबरोबर डोक्याच्या हाडांतनंही ऐकू येतो, म्हणून भरीव वाटतो. तबकडीत हाडं नसतात, तिथं लोकांना ऐकू येतो तोच उरतो. पटलं. मग पाटीवर लिहून विचारलं, "त्या दिवशीचं काय?" मास्तर म्हणाले, "तुम्हीच ओरडला असाल." असेन. मग यमुनेच्या हातातल्या झिणझिण्या? आणि त्याआधी आणि त्यानंतर माझ्या घशातनं एक शब्द का निघाला नाही? मास्तरांनी चष्मा पुसला आणि चहा मागवला.

तबकडी शेठनं मशीनसकट आम्हाला देऊन टाकली. आम्ही ती शंभरदा लावली. "हो" कुठंच नाही.

मी नारळ अजूनही फोडत नाही. पण दिवाळीला मशीन पुसतो, भोंग्याला हळदकुंकू लावतो. ज्यानं माझा भाऊ दिला त्याचे आभार मानायला त्याचं नाव कळायलाच हवं असं नाही.

शिवा दर पाडव्याला येतो आणि तबकडी लावतो. गाणं संपलं की हा सत्तरीचा बाबा अंगणात उभा राहून राहिलेली हाक स्वतः घालतो, "हो ऽऽ राजा! हो!" मग यमुना डोळ्याला पदर लावते आणि म्हणते, "अगदी तुमचा आवाज हाय बघा."

मला काही तसा वाटत नाही. पण आता मी वाद घालत नाही.