शेवटच्या शेडमधला तांबूस दिवा

धुळ्याच्या एका जिनिंग कारखान्यात मालकाने डायनामो बसवला. पहिल्या शेडमध्ये दिवे लख्ख, शेवटच्या शेडमध्ये तांबूस, मिणमिणते. आणि तिथेच बायका फिरत्या रुळांत कापूस सरकवत होत्या, बोटं सांभाळत.

कामगार बहुतेक पांझरेकाठचे. पाटाच्या शेवटच्या शेताला पाणी पोचलं नाही, की वरच्यांनी ओढलं आणि पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याने डोळेझाक केली, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

"भाऊ, वरलाच बठ्ठी वीज पी जातस," शेवटच्या शेडमधली अक्का म्हणाली. सगळी वीज पुढचेच पितात, असं तिचं म्हणणं.

मी कामगारांची पत्रकं लिहायचो. मी पुढचे दिवे बंद करायला लावले. मागचे उजळले! पुरावा मिळाला म्हणून मी पत्रक काढलं: 'उजेडाची चोरी! दिवे सांभाळणारा मिस्त्री कोणाचा?' मालकाने ते वाचून मिस्त्रीचाचांना सांगितलं, शनिवारपासून दुसरा माणूस येईल. मालकाला बळी हवा होता, तो मी छापून दिला.

चाचा रागावले नाहीत. तेच जास्त झोंबलं.

"लेखकमहाराज, पाट फुटतो. तार कुठे फुटली, दाखवा."

"मग पुढचे विझवल्यावर मागचे उजळले कसे?"

"हा सवाल पत्रकाआधी विचारायचा!"

मग त्यांनी सांगितलं. डायनामो दाब देतो, दाबाने प्रवाह वाहतो, तार त्याला अडवते. तार लांब आणि बारीक, तर अडवणूक जास्त. तीतून जितका जास्त प्रवाह, तितका जास्त दाब वाटेतच खर्च. पुढचे-मागचे दिवे एकाच तारेवर, म्हणून पुढचे विझले की तारेतला प्रवाह घटतो, मागे दाब उरतो.

"आणि प्रवाह कोणी पीत नाही. जातो तेवढाच परत येतो."

परत येतो? दिव्याला दोन तारा कशाला, हे मी कधी विचारलंच नव्हतं. तासभर त्यांना सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी जाणाऱ्या आणि येणाऱ्या, दोन्ही तारांना शेजारून आणखी एकेक तार जोडली, म्हणजे प्रवाहाची वाट रुंद झाली. सगळे दिवे चालू ठेवले. मागचे पांढरे झाले. अक्का स्वतः पुढच्या शेडमध्ये जाऊन बघून आली. तिथले दिवे जराही मंदावले नव्हते.

"चोरी नही शे. तार बारीक शे," तिने सगळ्यांना ऐकवलं.

बारीक तार आणली होती मालकाने. दुसऱ्या पत्रकात पहिल्या ओळीत माझी चूक छापली, दुसरीत त्याची. शनिवारी शेवटच्या शेडमधल्या बायका ते पत्रक घेऊन फाटकात उभ्या राहिल्या. चाचा आत गेल्याशिवाय एकही रूळ फिरणार नाही, म्हणाल्या. दुपारी चाचा आत गेले.

जाताना त्यांनी पत्रक माझ्या हातात परत दिलं. "अडवणूक लिहिलीत. दाब किती, प्रवाह किती? चला, मोजायला."


मी मागोमाग गेलो.