वस्तऱ्याचं पाणी

दुसरीतच शाळा सुटली माझी, तरी हे मीच लिहितो आहे. दुसऱ्याला सांगून लिहवलं तर तो मला उगाच नम्र करून टाकील.

प्रकाशा गावच्या घाटावर आमच्या घरचे चार पुरुष वस्तरे घेऊन डोकी करायला बसत. कोणी बापाची राख तापीत सोडायला आलेला, कोणी नवस फेडायला. एक डोकं झालं की वस्तरा वाटीत बुडवायचा, तळहातावर घासायचा, पुढचं डोकं घ्यायचं. वाटीतलं पाणी दुपारपर्यंत तेच. थोरल्या काकाची शिकवण पक्की होती: वस्तऱ्याला कढत पाणी दाखवायचं नाही, त्याचं पाणी उतरतं. म्हणजे लोहाराने पात्याला दिलेला कस जातो.

माझ्या चार वर्षांच्या लेकीच्या डोक्यात खवडे झाले. पिवळ्या खपल्या, वास, केसांचे पुंजके हातात यायचे. मी शेजारच्या पोरांना शिव्या घातल्या, लिंबाचा पाला वाटून बांधला. शेवटी दवाखान्यात नेली. तिथल्या कंपाउंडरने चिमटा आधी खळखळ उकळला, मगच तिच्या डोक्याला लावला.

"एवढं कशाला?" मी म्हटलं.

"हिच्याआधी तो कोणाला लागला होता, कोण जाणे. तुम्ही हिचं डोकं कशाने केलं होतं?"

घाटावरून आलो आणि त्याच वस्तऱ्याने केलं होतं. घरी येऊन बायकोला सांगितलं, हे मीच दिलं हिला. ती एवढंच म्हणाली, "मंग आते?"

दुसऱ्या दिवशी घाटावर तीन दगड मांडले, वर पातेलं. दोन वस्तरे होते, एक हातात, एक उकळत्या पाण्यात. शिंगाची मूठ वाकली, ती काढून बाभळीची बसवली. घाट हसला. "हाऊ वस्तरास्ना रस्सा करी ऱ्हायना!" काका हसला नाही. म्हणाला, "पातानं पानी उतरी जाई, आनि संगे आपलंबी."

मग शहाद्याचे एक मारवाडी शेठ नातवाचं जावळ काढायला आले. त्यांच्या घरचं काम काकाकडे. काकाने नुकतंच एका यात्रेकरूचं डोकं केलं होतं, खपल्यांनी भरलेलं. तो पायरीवर उपरणं ओढून बसला होता, त्याचा काही दोष नव्हता. काकाने वस्तरा वाटीत बुडवला आणि आजीच्या मांडीवरच्या बाळाकडे वळला.

मी उठलो, त्याच्या हातातून वस्तरा काढला आणि माझ्या पातेल्यात टाकला.

"अरे, मुहूर्त निकल रहा है!" शेठ ओरडले.

"निघू द्या शेठ. मघाशी हा वस्तरा कोणत्या डोक्यावर होता, ते आधी पाहा."

काकाने सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मारली. "मन्हा हातमाधून वस्तरा लेस? नाक कापं तू आमनं!"

"मारी ले, काका. पन उकाळाशिवाय पोऱ्याले हात लावू देनार नही."

आजीने यात्रेकरूच्या उपरण्याखालून दिसणाऱ्या खपल्या पाहिल्या, बाळाच्या डोक्यावर पदर ओढला आणि सरळ येऊन माझ्या चुलीपुढे बसली. शेठही तिच्यामागून आले.

पाणी चांगलं उकळू दिलं. घाई केली नाही, मुद्दाम केली नाही. वस्तरा पुसून काकापुढे धरला. त्याने पातं उन्हात धरून पाहिलं, आपल्या मनगटावर फिरवलं. केस साफ उतरले. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तऱ्याचे दोन हात मारून त्याने बाळाचं डोकं केलं, सुरेख केलं.

आणि त्याच संध्याकाळी घरच्यांनी मला घाटावरून उठवलं. वर्षभर मी वर लिंबाखाली बसलो, पातेल्यासकट. काकाची माफी माग, पायरी मिळेल, असे निरोप येत. मी परत निरोप धाडी, वस्तरे उकळा, मग बोलू. वर्षाने त्यांनीच पातेलं चढवलं, तेव्हा मी पायरीवर परतलो.

लेकीला आता नातवंडं आहेत. तिच्या टाळूवर रुपयाएवढी जागा अजून मोकळी आहे, तिथे पुन्हा केस आलेच नाहीत. ती झाकून भांग पाडते. माफी मागायची होती ती तिची, ती मी मागितली. बाकी कोणाची मागितली नाही, आणि आता तर मुळीच मागणार नाही.