चौदा नंबरचा शिक्का

सगळा कारखाना त्यांना भिंगकाका म्हणायचा. हवाई दलाच्या इंजिन कारखान्यात सत्तावीस वर्षं ते तपासनीस होते आणि खिशात भिंग नाही असा त्यांचा एक दिवस गेला नाही. लढाऊ विमानाचं इंजिन ठरावीक तास उडलं की उतरवायचं, पार सुटं करायचं, एकेक भाग तपासून पुन्हा जोडायचं, असं तिथलं काम. काकांकडे टर्बाइनची पाती असत. पातं बोटाएवढं, पण आगीत गरगर फिरणारं; एक तुटलं तरी सगळं इंजिन गेलं म्हणून समजा. पाती चमकत्या तेलात बुडवायची, पुसायची आणि काळ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायची. चीर असली तर केसाएवढी हिरवी रेघ उजळते. इतरांना ती शोधावी लागायची, काकांना ती आपण होऊन दिसायची. चीर नाही अशी खात्री झाली, की मगच तक्त्यावर त्यांचा चौदा नंबरचा शिक्का बसायचा.

पुढे वरून हुकूम आला, की हे काम बाहेरच्या कंपनीला कंत्राटाने द्यायचं. फाटकासमोर सभा झाली. काका स्टुलावर चढून म्हणाले, "मी उपाशी राहीन, पण त्यांच्या दारात जाणार नाही." टाळ्या पडल्या. चौथ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं आणि काकांनी होकार कळवला. मुलीचं शिक्षण व्हायचं होतं, हे खरं. पत्रात 'मुख्य तपासनीस' असं लिहिलं होतं आणि ते त्यांनी तीनदा वाचलं, हेही खरं. सभेतले कितीतरी जण घरी बसले. त्यांच्यातलं कुणी बाजारात दिसलं की काका पिशवीत तोंड घालून काहीतरी शोधू लागायचे.

कंपनीतली काळी खोली नवी कोरी होती. फक्त दर इंजिनामागे कामाचे दिवस बांधून दिलेले, आणि उरलेले दिवस फळ्यावर रोज खडूने लिहिले जायचे. पण घाई कर असं काकांना कुणी कधी म्हटलं नाही. खोट होती ती काकांच्या डोळ्यात. वर्षभरात दोन्ही डोळ्यांपुढे धुकं दाटलं होतं, दिव्याभोवती कडं दिसायचं. तपासनिसाचे डोळे दरवर्षी तपासत. काकांना भिंतीवरची अक्षरं पाठ होती.

"मोतीबिंदूच आहे ना? दाखवून घ्या की," बायको म्हणायची.

"भिंगकाकाला मोतीबिंदू? जग हसेल," म्हणून ते विषय टाळायचे.

एका सकाळी हवाई तळावरून फोन आला. तळावर इंजिनं ताब्यात घेणारी अधिकारी एकेकाळी काकांच्या हाताखाली शिकलेली होती.

"सर, गेल्या आठवड्यात आलेल्या इंजिनात आम्ही कॅमेरा घालून पाहिलं. दोन पात्यांना चिरा आहेत. तक्त्यावर शिक्का तुमचा आहे, म्हणजे तुमच्या मागे कुणीतरी मारलाय. 'तो मी मारला नाही', एवढं लिहून द्या. बाकीचं मी बघते."

"बघतो," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

शिक्क्याच्या कप्प्याची दुसरी किल्ली नोंदी ठेवणाऱ्या कारकूनबाईंकडे असायची. तळावरून कंपनीलाही कळवलं गेलं आणि दुपारपर्यंत त्यांना चौकशी होईस्तोवर घरी बसायला सांगण्यात आलं. जाताना त्या काकांच्या टेबलाशी थांबल्या. "मी शिक्क्याला हात लावत नाही, हे तुम्हाला माहीत आहे काका. तुम्ही सांगालच."

काकांनी मान हलवली. आणि दोन दिवस तोंडातून अक्षर काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातला घास ताटात ठेवला. "मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

काका तसेच उठून तळावर गेले. फोन करणाऱ्या अधिकारी बाईने खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि पत्रासाठी हात पुढे केला.

"पत्र नाही आणलं," काका म्हणाले. "शिक्का मीच मारला. पाती दिव्याखाली धरली होती, पण मला नीट दिसत नाही. रेघ दिसली नाही, म्हणून चीर नाही असं लिहिलं."

तिने एवढंच विचारलं, "अशी किती इंजिनं?"

"नक्की नाही सांगता येणार. वर्षभरातली सगळी उघडा."

"त्यातली चार विमानांत बसलीत. आज सकाळीही उडलीत," ती म्हणाली आणि फोन उचलला. एकेक विमान जमिनीवर ठेवायला ती सांगत होती, आणि समोर काका हात मांडीवर ठेवून बसले होते. जा असं कुणी म्हटलं नाही. पाण्याचा पेला तसाच राहिला.

उडणाऱ्या चारांपैकी एका इंजिनात आणखी एक चीर निघाली. कुणाच्या जिवावर बेतलं नाही. काकांचा शिक्का जमा झाला, नोकरी गेली. कारकूनबाईंना परत बोलावलं. काका त्यांच्या घरी माफी मागायला गेले, तेव्हा त्या दारातच उभ्या राहिल्या. "दोन दिवस मी घरात सगळ्यांना सांगत होते, काका आहेत ना, ते सांगतील," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर काकांना बरं वाटलं असतं.

पुढच्या महिन्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. अर्ध्या तासाचं काम. बाहेर बाकावर बसलेल्या बायकोने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"आधी का नाही आलात, असं विचारलं."

"मग?"

"लाज वाटत होती म्हणालो," काका म्हणाले, आणि तिचा हात धरून पायऱ्या उतरू लागले.