दिवाणखान्यातला कडुनिंब

आमच्या समोरच्या क्वार्टरमधल्या गार्डसाहेबांच्या घरातून कचरा बाहेर पडताना जयपूरच्या आख्ख्या रेल्वे कॉलनीत कुणीही, कधीही पाहिला नाही. त्या घरात शिरलेली वस्तू तिथेच जन्म बदलत राहायची. धोतराचा पडदा व्हायचा, पडद्याची पिशवी आणि पिशवीचं फडकं. माणूस अकोल्याकडचा, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उमर काढलेला, आणि नाटकाचा असा वेडा की सिग्नलची वाट बघत उभा असला तरी स्वगतं म्हणायचा. पाण्याच्या बाबतीत तर फारच कडक. पाहुणा आंघोळीला बसला की बाहेरून हाक यायची, "साबण कमी लावा बाप्पा, ते पाणी झाडाले द्यायचं हाय!" साताऱ्याहून आलेले माझे दीर एकदा आमचा नळ बंद होता म्हणून त्यांच्याकडे आंघोळीला गेले, ते बिचारे अंगावरच्या अर्ध्या फेसानिशी परत आले.

गणेशोत्सव असो की आंबेडकर जयंती, मराठी मंडळाचं नाटक बसवायचे ते गार्डसाहेबच. विकत काही आणायचं नाही, हा त्यांचा नियम. मुकुट तुपाच्या डब्याचे. महाराणीचा शालू तर त्यांनी निकालात निघालेल्या हिरव्या झेंड्या जोडून शिवला. महाराणी प्रवेश करते न करते तोच मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळं मैदान "गाड़ी छूट गई, छूट गई!" करत हसायला लागलं. रंगभूषा मुलतानी मातीची. जयपूरच्या कोरड्या हवेत पहिल्या अंकातला तरुण नायक तिसऱ्या अंकापर्यंत पार भेगाळून जायचा. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "मंग बरोबरच हाय ना ताई, तोवर त्याचं वयही वाढते."

मैदानात पक्कं स्टेज व्हावं म्हणून त्यांनी कित्येक वर्षं रेल्वेच्या साहेबांच्या दारात खेटे घातले. शेवटी मंजुरी आली. पेढे वाटले गेले. आणि मग कळलं, की स्टेजच्या जागेवरचा कडुनिंब पाडावा लागणार.

ज्या सकाळी मजूर करवत घेऊन आले, त्या सकाळी गार्डसाहेबांनी घरातली खाट उचलून झाडाखाली टाकली आणि ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यांतच आडवे झाले.

"गार्डसाब, हट जाइए. ऊपर से ऑर्डर है," ठेकेदार म्हणाला.

"ऑर्डर तो मैं ही लाया, भैया," ते डोळे न उघडता म्हणाले.

मंडळाचे अध्यक्ष धावत आले. "अहो, स्टेज मागितलं कुणी? तुम्हीच ना? आता मंजुरी परत गेली तर पुन्हा मिळायची नाही!"

"मागितलं म्या. पण इतक्या तालमी याच्या सावलीत केल्या. आता यालेच कापून नाटक करू? काहून?"

लोक चिडले. त्यांच्याशी बोलणं टाकलं. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, नळावर आल्या की बायका गप्प व्हायच्या. गार्डसाहेब गाडीवर गेले की खाटेवर वहिनी बसायच्या, भाजी निवडत. शेवटी इंजिनियरसाहेब स्वतः आले. मे महिन्याची दुपार, अंग भाजून काढणारी लू. वहिनींनी माठातलं पाणी दिलं आणि खाट मोकळी करून दिली. साहेब टेकले, मग लवंडले. जरा वेळानं उठून डोळे चोळत म्हणाले, "चलिए, नक्शा थोड़ा बदल देते हैं."

स्टेज झालं, पण कडुनिंबाच्या भोवती. तेव्हापासून आमच्या प्रत्येक नाटकात, राजवाडा असो की मुंबईचा ब्लॉक, मधोमध झाड. "सूनबाई, हे दिवाणखान्यात कुणी लावलं?" "मामंजींनी," अशी वाक्यं गार्डसाहेब स्वतः घालायचे. नायिका प्राण सोडताना निंबोळी नेमकी तिच्या नाकावर पडायची आणि मेलेली नायिका शिंकायची. रुसलेले लोकही हसता हसता कधी बोलायला लागले, कळलंच नाही.

निवृत्तीनंतर गावी परतायच्या आधी त्यांनी शेवटचं नाटक केलं. भूमिका घर सोडून निघालेल्या म्हाताऱ्याची. शेवटच्या प्रवेशात ते झाडापाशी आले, खोडाला हात लावला आणि थांबले. आतून वाक्य सांगितलं गेलं. पुन्हा सांगितलं गेलं. ते तसेच उभे.

"विसरले वाटतं," मी वहिनींच्या कानाशी कुजबुजले.

"नाही वं माय," त्या पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "सारं पाठ हाय त्यायले."

पडदा ओढणाऱ्यानं दोरी हातात धरली होती. त्यानं ती ओढली नाही.