रिव्हॉल्व्हर दुरुस्त करणारा माणूस

खंडेनवमी जवळ आली आणि वडिलांनी पुन्हा तोच विषय काढला. आजोबांचं जुनं रिव्हॉल्व्हर अडकलं होतं. गोळ्या भरायचं चक्र फिरेना. "पूजेला मोडकं हत्यार ठेवायचं नसतं," ते अंथरुणातून म्हणाले. नव्वदीला टेकलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? परवाना आता माझ्याच नावावर होता, म्हणून हेलपाटेही माझ्याच वाट्याला आले.

गावातलं बंदुकांचं दुकान बंद पडून तिथं मोबाईलची कव्हरं लटकत होती. शिवाजी पेठेतल्या लेथवाल्यानं पिशवीत नुसतं डोकावून हात मागं घेतले. "कागद हायत तुमच्याकडं, माझ्याकडं न्हाईत. सांगलीला बघा." सांगलीतला दुरुस्तीवाला वारला होता. त्याच्या मुलानं सांगितलं, पेठ वडगावला एक म्हातारे कारागीर आहेत, केलं तर तेच करतील.

माझीही साठी उलटलेली. गुडघे दुखतात. एसटीत उभं राहून वडगावला पोचलो तेव्हा, हे कशासाठी चाललंय, असं मनात येत होतं.

म्हातारे दारात ऊन खात बसले होते. "पावणं, मी परवाना परत केलाय. हत्याराला हात लावत न्हाय आता."

"निदान बघून तरी सांगा."

मी ते पुढं धरलं. त्यांनी हातात न घेताच वाकून पाहिलं, मग माझ्याकडं बघितलं. "कोल्हापूरचं न्हवं? वडील तालुक्याच्या शाळेत हेडमास्तर?"

मी होय म्हणालो. दर नवमीआधी आमच्या घरी तेलपाणी करायला एक माणूस यायचा, तो हाच.

"चक्राचं काय न्हाय, स्प्रिंग गेली असंल," ते म्हणाले. "पर घोड्याचं टोक बघा, गोळीवर आपटतं ते. घासलंय. ह्यातनं गोळी उडायची न्हाय. मीच घासलंय ते."

"का?"

"तुमच्या आईनं सांगितलंतं. मास्तर आंघोळीला गेलं व्हतं. म्हणाल्या, ह्यांना कळू देऊ नका, पण हे बंद करा. रडत न्हवत्या. म्हणून जास्त भ्या वाटलं."

मला विचारावं लागलं नाही. माझा धाकटा भाऊ पंचगंगेत बुडाला, त्या वर्षी वडील कुणाशी बोलत नव्हते. शाळेतून आले की कपाट उघडून ते रिव्हॉल्व्हर मांडीवर घेऊन बसायचे. आम्हाला वाटायचं, पुसत बसतात. आई स्वयंपाकघरातून त्यांच्याकडं बघत राहायची. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कधी अवाक्षर बोलली नाही.

"चुकलं असंल तर सांगा," म्हातारे म्हणाले.

"नाही हो," मी म्हणालो. त्यांच्या सुनेनं दिलेला चहा प्यायलो आणि निघालो. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली, पण झोप लागली नाही.

घरी आलो तर वडील जागेच. "झालं का रे?"

"त्याचे भाग आता मिळत नाहीत म्हणाला."

"मग राहू दे तसंच." ते भिंतीकडं बघत राहिले. त्यांना काही ठाऊक होतं की नव्हतं, मला कळलं नाही आणि खोदून विचारायची ताकद नव्हती. पिशवी कपाटात ठेवून, कुलूप लावून मी त्यांच्या पायथ्याशी बसलो.

आमच्या घरात भावाचं नाव सहसा कुणी काढत नसे. त्या संध्याकाळी, का कोण जाणे, मी विचारलं, "त्याला पोहायला कुणी शिकवलं होतं?"

वडिलांनी भिंतीवरची नजर माझ्याकडं वळवली.

"मीच की," ते म्हणाले. "हात चांगला मारायचा. दम कमी पडायचा."

मग ते त्याच्याबद्दल बोलू लागले. थांबत, अडखळत, पण बोलत राहिले. मी पाय चेपत ऐकत होतो.